बोऱ्हाडे सर आणि शंभर कोटी वर्षांचं शेवाळ

मास्तर रिटायर झाला की त्याच्याकडे दोनच गोष्टी उरतात. बीपीच्या गोळ्या आणि किस्से. गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात, किस्से कधीही चालतात!

आम्ही शाळेतले चार-पाच जण अजूनही मंचरला एका हॉटेलात जमतो. पहिल्या चहाला तब्येती, दुसऱ्या चहाला पेन्शन, आणि तिसरा चहा येईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "बोऱ्हाडे सरांचं ते आठवतंय का?" मग एकाला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा, आणि हॉटेलवाला आमच्या टेबलावरचा पंखा बंद करतो तेव्हाच आम्ही उठतो. माझी बायको म्हणते, "तुमच्या शाळेत शिकवायचं कोण?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

शाळा आमची घोडेगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर, शिनोलीजवळ. मी चित्रकलेचा. बोऱ्हाडे सर विज्ञानाचे. उंच, किडकिडीत, खिशाला पेनाऐवजी भिंग लावलेले. नव्वद साल ओलांडल्यावर मी तिथं लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "शेवाळ काढता येतं का?"

मला वाटलं, टाकी साफ करायचीय. तर त्यांना चित्र हवं होतं!

त्याचं असं होतं, की पृथ्वीवर जीव सुरू झाला त्या काळानं सरांना झपाटलं होतं. डायनासोरच्या आधीचा, माशांच्या आधीचा, समुद्रात नुसतं शेवाळच शेवाळ होतं तो काळ. कँब्रियन-पूर्व म्हणतात त्याला. पाठ्यपुस्तकात त्याच्यावर अर्धं पान होतं, सर त्यावर अख्खा पावसाळा काढायचे. आणि त्यांची एकच इच्छा होती. रिटायर व्हायच्या आत त्या काळातल्या जिवाची एक तरी खरी खूण, दगडात उमटलेली, शाळेत आणायची आणि पोरांना तिच्यावरून हात फिरवू द्यायचा. बस्स.

पण जुन्नर घ्या, आंबेगाव घ्या, आमच्याकडं खाली सगळा काळा पाषाण. म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात समुद्र नाही, गाळ नाही, की त्या जुन्या जिवाची खूण नाही.

"काय नशीब बघा," सर म्हणायचे, "जन्माला आलो तोही लाव्ह्यावर!"

*

पण आशा मोठी चिवट. तालुक्यात कुठंही विहिरीला सुरुंग लागला की सर मोपेड काढून हजर. वर काढलेल्या खडकाच्या ढिगात बसायचे, एकेक दगड उलटापालटा करून भिंगातून बघायचे. शेवटी उठून पँट झटकायची आणि मोठा सुस्कारा सोडून म्हणायचं, "काहीच नाही!"

शेतकरी धसकायचा. कारण लोकांना वाटायचं, हा मास्तर पाणाड्या आहे, जमिनीखालचं पाणी सांगणारा!

पहिला दणका एकनाथभाऊ नावाच्या एका शेतकऱ्याला बसला. सरांचं "काहीच नाही" ऐकून बिचारे बांधावर डोकं धरून बसले. काम बंद करायचं ठरलं. गड्यांनी आधीच भरून ठेवलेला सुरुंग तेवढा उडवला, तर खालून पाणी असं उसळलं की दगड काढायला उतरलेले गडी पहारी टाकून वर पळाले. पुढं आणखी एका विहिरीवर तेच झालं. मग आणखी एका. सर म्हणाले काहीच नाही, आणि पाणी लागलं!

झालं, सरांना आवतणं यायला लागली. एक पाहुणे तर शाळा सुटायची वाट बघत फाटकाशी बसून राहिले.

"अहो, मला पाण्यातलं काही कळत नाही," सर काकुळतीला येऊन म्हणाले.

"कळायची गरजच न्हाई, सर. तुमी फकस्त आमच्या हिरीपाशी उभं राहा, आन् ते तुमचं 'काहीच नाही' म्हनून जावा!"

सर गेले. म्हणाले. येताना मोपेडवर बटाट्याचं पोतं होतं.

*

दगडात शेवाळ मिळेना, तेव्हा सरांनी जिवंत शेवाळ वाढवायचं ठरवलं. प्रयोगशाळेच्या मागं एक सिमेंटची जुनी टाकी होती. तिच्यात पाणी भरलं, ओढ्यातलं थोडं शेवाळ आणून टाकलं आणि टाकीला नमस्कार केला. मी समोर होतो, खरंच केला!

मग रोज सकाळी हजेरी घ्यायच्या आधी सर टाकीकडं. "आज बुडबुडे आलेत," असं सांगायचे, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद असायचा. "आपण जो श्वास घेतोय ना, तो प्राणवायू पहिल्यांदा ह्यांनीच सोडला. हे नसते तर तुम्हीआम्ही नसतो." आम्ही टाकीकडं बघून मान डोलवायचो. वास फार यायचा.

काही महिन्यांत ती टाकी अशी काही पिकली की विचारू नका. हिरवी, निळी, वर जाड साय धरलेली. आणि नेमकी तेव्हाच शाळेची तपासणी लागली. साहेबांना टाकी दाखवायची म्हणून सरांनी तक्ता तयार केला, मी मथळा रंगवून दिला. "पृथ्वीवरील पहिले रहिवासी."

तपासणीच्या सकाळी सर तक्ता घेऊन मागं गेले आणि तिथंच खिळले. टाकी पांढरीशुभ्र! बाजूला आमचे शिपाई, गेणूभाऊ, हातात काथ्याचा ब्रश घेऊन, घामानं निथळत उभे. ब्लीचिंग पावडरच्या वासानं डोळ्यांत पाणी येत होतं.

"सर, सायेब यायच्या आत एकट्यानं केली बगा साफ! लई घाण धरली व्हती."

सरांनी तक्ता भिंतीला टेकवला. मग म्हणाले, "गेणूभाऊ, साडेतीनशे कोटी वर्षं घासून टाकलीत हो तुम्ही!"

गेणूभाऊंनी दंड चोळला.

"तरीच म्हनलं, हात का भरून आलाय!"

*

मारुतराव नावाचे एक पालक होते. मिशा झुपकेदार, आवाज त्याहून झुपकेदार. त्यांचा आणि शेजारी राहणाऱ्या चुलतभावाचा बांधावरून दावा चालू होता. आमच्याकडं बांधाचा दावा नाही असं घर दाखवा आणि पेढे घ्या!

एकदा मारुतराव तरातरा शाळेत आले. "मास्तर, आमचा पोरगा घरी येऊन सांगतोय, आपलं मूळ शेवाळात हाय. हे काय शिकवताय? आमी देशमुखीतली माणसं!"

हेडसर घाबरले. पण बोऱ्हाडे सरांना असं गिऱ्हाईक म्हणजे पर्वणी. त्यांनी मारुतरावांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि फळ्यावर सुरू केलं. समुद्र काढला, पेशी काढली, शेवाळाचे थर काढले. तास भरून गेला. मारुतराव हळूहळू निवळले. शेवटी मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "म्हंजे देशमुखीच्या बी लई आधीचं घराणं म्हना की आमचं!"

"कितीतरी आधीचं!"

"मंग हरकत न्हाई." मारुतराव उठले. दारापर्यंत गेले आणि थबकले. "आन् आमचा चुलतभाऊ? त्यो कशातनं आला?"

"त्याच शेवाळातून की."

मारुतरावांचा चेहरा पुन्हा लाल! "ते जमायचं न्हाई, मास्तर! शेवाळ असलं तरी चालंल. पन त्यो आन् आमी एका शेवाळातलं न्हाई!"

*

सरांनी काढलेल्या पायी सहलीची आठवण काढली की आमच्या पोटऱ्या अजून दुखतात. पोरांना काळ किती लांबलचक असतो ते कळत नाही, म्हणून सरांनी तो चालायला लावला! आठवीचा वर्ग एसटीनं तळेघरला नेला. "इथं पृथ्वी जन्मली," सरांनी भातखाचराच्या बांधावर उभं राहून जाहीर केलं. "आणि आपल्या शाळेच्या फाटकाशी आजचा दिवस. चला!"

पोरं उत्साहात निघाली. थोडं चालून गेल्यावर सर ओरडले, "पहिला जीव आला! शेवाळ!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग घाट उतरला. शेवाळ. धरणाचं पाणी दिसायला लागलं. शेवाळ. डबे खाल्ले. शेवाळच. पोरं रडकुंडीला आली. "सर, मासे कधी? सर, डायनासोर कधी?" "अजून खूप आहे," सर खुशीत सांगायचे, "एवढा वेळ पृथ्वीवर दुसरं कुणीसुद्धा नव्हतं!" मी मागून चपला हातात घेऊन चाललो होतो. धरणाजवळचं डिंभं मागं पडलं तेव्हा कुठे किडे आणि मासे आले, आणि माणूस आला तो थेट शाळेच्या फाटकात, शेवटच्या दोन पावलांत.

पण ह्या सहलीतली खरी गंमत मधल्या वाटेवरची. घाट उतरल्यावर एक म्हातारी डोक्यावर नाचणीचं गाठोडं घेऊन समोरून आली. पोरांचा असा पाय ओढत चाललेला तांडा बघून तिला दया आली.

"कुठवर आलासा रं लेकरांनो?"

एक पोरगी कळवळून म्हणाली, "आजी, सकाळपास्नं शेवाळातच हाय!"

म्हातारीनं आमच्या सगळ्यांच्या पायांकडं बघितलं.

"मंग पाय जपून टाका बाई. घसरशीला!"

*

बोरी बुद्रुकला नदीच्या काठाला पांढऱ्या राखेचा थर आहे. फार पूर्वी कुठल्यातरी लांबच्या बेटावर ज्वालामुखी फुटला, त्याची राख उडत उडत पार इथवर आली, असं सांगतात. पुण्याहून अभ्यास करणारी माणसं यायची, खणायची, पिशव्या भरून न्यायची. सरांच्या कानावर गेलं, की मला मोपेडवर मागं बसवून थेट बोरी!

सर थराशी उकिडवे बसले. भिंग लावलं. शेजारी त्या पुण्याच्या मंडळींतला एक तरुण होता, त्याला विचारलं, "किती जुनी?" त्यानं पाऊण लाख वर्षांचा आकडा सांगितला. सरांचा चेहरा पडला. कोटींत वावरणारा माणूस तो!

"हात्तिच्या," सर उठत म्हणाले, "ही तर कालची!"

मागं एक बाई उभ्या होत्या. जरा स्थूल, कपाळावर ठसठशीत कुंकू, कमरेला पदर खोचलेला. शेजारचं कांद्याचं रान त्यांचंच. हिराबाई त्यांचं नाव. त्यांना हा अपमान वाटला.

"ओ मास्तर, कालची कशी? माज्या आजेसासूच्या आधीपासनं हाय ती! मी सोता हिनंच भांडी घासलीत!"

सरांनी भिंग पुसून खिशाला लावलं. मोपेड सुरू करून परत निघालो.

*

मग आलं ते पुण्यातलं शिक्षकांचं प्रशिक्षण. भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक व्याख्यान द्यायला आले होते. दुपारच्या जेवणानंतरचं व्याख्यान, त्यामुळं अर्धा वर्ग झोपेत. बोलता बोलता प्राध्यापक म्हणाले, "आता ही तुमच्या पायाखालची शहाबादी फरशी घ्या. किंवा घरातला कडप्पा. ही आपल्याकडची नव्हेच. कँब्रियन-पूर्व काळातल्या समुद्राच्या तळाचा गाळ आहे हा. क्वचित त्यात शेवाळाच्या थरांच्या खुणाही मिळतात."

माझ्या शेजारी बोऱ्हाडे सर होते. त्यांनी झटकन दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले! वाकून चपला हातात घेतल्या आणि उरलेलं व्याख्यान मांडी घालून ऐकलं. परतीच्या एसटीत माझा हात घट्ट धरून म्हणाले, "अहो, आयुष्यभर शोधतोय, आणि रोज त्याच्यावर उभा राहून दाढी करतोय!" डोळे भरून आले होते त्यांचे. मलाही कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवसापासून तालुक्यातली एकही फरशी सुरक्षित राहिली नाही. शाळेचा व्हरांडा झाला, बँक झाली, पोस्ट झालं. पंचायतीत लोक दाखल्यासाठी रांगेत उभे, आणि सर त्यांच्या पायांमधून रांगतायत! फरशीवर पाणी शिंपडलं की खुणा उठून दिसतात, म्हणून हातात एक बाटली.

हेडसरांच्या घरी सत्यनारायण होता. सगळ्यांनी चौरंगाला हात जोडले. सर मात्र थेट जमिनीवर आडवे. नाक फरशीला, हात पुढं. बराच वेळ उठेनात. हेडसरांच्या आई गहिवरल्या. "बघा रे, बघा! एवढा सायन्सचा माणूस, पण साष्टांग कसा घालतोय!"

सर उठले, तेव्हा नाकाला धूळ. आईंनी मायेनं विचारलं, "काय मागितलंत देवाकडं?"

सर खिन्नपणे म्हणाले, "काही नाही हो आई, साधीच फरशी आहे."

*

घोडेगावात पारसशेठचं फरशीचं दुकान. मंडळी मूळची राजस्थानातली, पण आजोबांच्या वेळेपासून इथली. शेठ मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलायचे. सरांनी बाटली घेऊन त्यांच्या वखारीत मुक्काम ठोकला. एकेक फरशी ओली करायची, भिंग लावायचं, पुढं सरकायचं.

"सर," शेठ शेवटी म्हणाले, "गिऱ्हाईक डाग नसलेली फरशी मागतं. डाग असलेली मागणारे तुम्ही पहिलेच!"

"डाग नाही शेठ, वलयं! एकात एक, अशी गोल गोल. कांदा आडवा कापल्यासारखी."

शेठ विचारात पडले. "तशी एक आली होती. आमच्या मुलखाकडून आलेल्या ट्रकात. लांबरुंद, राखाडी, आणि अंगभर कांदे! कुणी हात लावेना. शेवटी बोरीच्या हिराबाई घेऊन गेल्या. म्हणाल्या, मला नक्षीची आवडती. स्वैपाकघराचा ओटा केलाय त्यांनी."

आता ह्यात एक भानगड होती. सरांची मुलगी सुजाता लग्नाची होती, आणि तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा संदीप, चाकणला कंपनीत, घरी बागायत. सुजातानं त्याला पाहिलं होतं आणि तिला तो मनापासून आवडलाही होता. पण सर काही हालचाल करीनात. वहिनी रोज विचारायच्या, सर रोज "बघू" म्हणायचे.

तर हा संदीप म्हणजे हिराबाईंचाच मुलगा!

सर दुकानातून थेट घरी गेले. दारातूनच ओरडले, "मुलगा उत्तम आहे!"

वहिनी बाहेर आल्या. "तुम्ही कधी पाहिलात?"

"पाहिला नाही. पण घर फार जुनं आहे!"

*

आता शेवटचा. हा सांगायला लागलं की हॉटेलवाला पंखा बंद करत नाही, स्वतः येऊन उभा राहतो.

घर बघायला म्हणून आम्ही बोरीला गेलो. सर, वहिनी, सुजाताचे मामा आणि मी. सुजातानं निघताना बापाला हात जोडले होते. "बाबा, तिथं ओट्याचं नाव काढायचं नाही. माझं लग्न मोडेल." सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता. वहिनींनी वर दम दिला होता, "स्वैपाकघरात पाऊल टाकायचं नाही!"

सगळं छान चाललं होतं. हिराबाईंनी सरांना ओळखलं. "अगं बया, राखंला कालची म्हननारं मास्तर!" हशा झाला. पोहे झाले. सर बैठकीत खुर्चीला चिकटून बसले होते, दोन्ही हातांनी खुर्ची धरून. तेवढ्यात हिराबाई आतूनच म्हणाल्या, "आवं, घर बघाया आलाय ना? मंग सैपाकघर बघाया नको? या की आत, पावणं!"

विहीणबाईंचा शब्द मोडणार कसा! गेलो आत. ओटा नुकताच पुसलेला, ओला. आणि त्यावर, खिडकीतून येणाऱ्या उन्हात, वलयं. एकात एक, एकाला एक लागून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला विज्ञानातलं फारसं कळत नाही, पण माझ्याही अंगावर काटा आला.

सर ओट्यापुढं गुडघ्यांवर बसले आणि कडेला गाल टेकवला. डोळ्यांतून धार!

हिराबाईंचे यजमान गोंधळले. "पावणं, वट्यात काय बिघाड हाय का?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मामांनी बाजू सावरायचा प्रयत्न केला. "तसं काही नाही. आपण बैठकीत बसू. देण्याघेण्याचं बोलू."

यजमान भला माणूस. म्हणाले, "आमाला काय बी नको. उलट तुमची काय अपेक्षा आसंल तर सांगा."

ह्याला उत्तर ठरलेलं असतं. मुलीच्या बापानं म्हणायचं, पोरीला सुखात ठेवा. पण सर गुडघ्यांवरूनच म्हणाले, "हा ओटा द्या!"

आमच्या तालुक्यात मुलीच्या बापानं हुंडा मागितल्याची ही पहिलीच वेळ!

सर उठले, आणि वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. हे शेवाळाचे थर आहेत. शंभर कोटी वर्षांपूर्वीचे, दहावीस कोटी इकडंतिकडं. शाळेतल्या पोरांना एकदा हात लावून बघू दे, एवढंच. मला रिटायर व्हायला आता थोडी वर्षं राहिलीत.

हिराबाईंनी ऐकून घेतलं. मग ओट्यावर तळहात ठेवला. "मास्तर, मी ह्या घरात आले तवापासनं जमिनीवर बसून, वाकून सैपाक केला. कंबर गेली माजी. लई भांडून हा उभा वटा मिळवला मी. ह्यो न्हाई मिळायचा."

सरांनी मग हात जोडले. "बरोबर आहे तुमचं. इतकी वर्षं कुणीतरी सांभाळलाय, आता तुम्ही सांभाळा. माझी मुलगी तेवढी सांभाळा म्हणजे झालं." आणि शहाण्या माणसासारखे बैठकीत येऊन बसले. सुपारी फुटली. परत येताना मात्र सर शिनोलीपर्यंत भिंग हातात फिरवत बसले. मला त्यांच्याकडं बघवेना.

लग्न घोडेगावला झालं. मांडव गच्च. आमच्याकडं लग्नात मुहूर्ताला कुणी विचारत नाही. आधी मानपान, मग पुढाऱ्यांचे आशीर्वाद. एकेक पुढारी माईक धरतो आणि वधूवरांना धरणाच्या कालव्यापासून पुढच्या निवडणुकीपर्यंत सगळं ऐकवतो. तोवर नवरानवरी अंतरपाटाची वाट बघत उभे! त्या दिवशीही पुढची रांग पुढाऱ्यांनी भरलेली होती, आणि प्रत्येकाच्या खिशातून कागद डोकावत होता.

निवेदकानं मानपानाची नावं पुकारली. टॉवेल-टोपी द्यायला सर उभे होते. मुलाचे आजोबा झाले, चुलते झाले, मामा झाले. तेवढ्यात हिराबाई नऊवारी सावरत स्टेजवर चढल्या आणि निवेदकाला म्हणाल्या, "थांबा! आमच्याकडचं सगळ्यात थोरलं मानूस राह्यलं की! पुकारा."

"नाव काय म्हणू, आक्का?"

"नाव मास्तरांना ठावं. ते बगा, आलं!"

मांडवाच्या दारात पिकअप उभी होती. चार गडी ती फरशी खांद्यावर घेऊन आत येत होते. हळदकुंकू लावलेली, वर फेटा बांधलेला, ओल्या कापडानं पुसून लख्ख केलेली. माणसं बाजूला सरून वाट देत होती. स्टेजवर आणून ती खुर्चीत बसवली, मुलाच्या आजोबांशेजारी!

सर टॉवेल हातात घेऊन पुढं आले. "विहीणबाई, अहो, पण तुमचा ओटा?"

"दुसऱ्या दगडापाशी बी उभं राहता येतंच की," हिराबाई म्हणाल्या. "लगीन लागलं की शाळंत घिऊन जावा. पोरींना बी हात लावू द्या."

सरांनी फरशीच्या खांद्यावर टॉवेल घातला, फेट्यावर टोपी ठेवली आणि वाकून तिच्या पाया पडले. त्यांचं बघून सुजाता आणि संदीप पडले. मग मुलाचे आजोबासुद्धा पडले!

निवेदकाची सवय जिभेवर बसलेली. मान घेतला की पुढचं वाक्य आपोआप येतं. "आता आदरणीयांनी वधूवरांना दोन शब्दांत शुभाशीर्वाद द्यावेत," असं म्हणून त्यानं माईक सरळ फरशीपुढं धरला.

मांडव एकदम गप्प झाला. स्पीकरमधून मागच्या जनरेटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. कुणी हसेना, कुणी हलेना. निवेदक माईक धरूनच उभा. बराच वेळ गेल्यावर तो भानावर आला, घसा साफ केला आणि म्हणाला, "धन्यवाद! सगळ्यांत ज्येष्ठ असूनही वेळेचं भान राखल्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत!"

टाळ्यांचा कडकडाट! पहिल्या खुर्चीतल्या पुढाऱ्यानं खिशातून निम्मा बाहेर काढलेला कागद परत आत सारला. त्याच्या शेजारच्यानंही सारला. मग एकेक करत अख्ख्या रांगेनं सारला.

आणि लग्न मुहूर्तावर लागलं!